पंचेचाळिशीतला रंगरूट

लष्करातला कायमचा हुद्दा त्याला मिळाला तेव्हा तो साठ वर्षांचा होता. हे ऐकल्यावर मामांनी पहिला हिशेब मांडला तो स्वतःच्या नोकरीचा. "मी चौपन्नाव्या वर्षी टोपी उतरवली. म्हणजे ह्या गड्याला हुद्दा मिळायच्या वयाच्या सहा वर्षं आधीच मी घरी बसलो होतो. मग तो त्यानंतर लढला तरी किती?"

"पाच वर्षं," भाची म्हणाली. "नाव झालं ते सगळं त्याच पाच वर्षांत."

मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून कर्नल म्हणून निवृत्त झालेले, गाव सातारा जिल्ह्यातलं. भाची एडिंबरोत स्कॉटलंडच्या अठराव्या शतकावर संशोधन करते. दोघांची गाडी पर्थच्या दिशेने निघालेली. पर्थच्या पश्चिमेला मेथ्व्हेन नावाचं गाव आहे, आणि तिथल्या चर्चच्या आवारात ज्याची कबर आहे त्या सर थॉमस ग्रॅहमवरून, म्हणजेच पुढे झालेल्या लॉर्ड लिन्डॉकवरून, आदल्या संध्याकाळपासून दोघांचं जुंपलेलं होतं. आदल्या दिवशी एडिंबरोच्या कलादालनात मामा गेन्सबरोने काढलेल्या एका चित्रासमोर बराच वेळ उभे होते. चित्र ग्रॅहमच्या बायकोचं. तिथेच त्यांनी हा माणूस आपलासा करून टाकला, आणि तिथेच भाचीच्या कपाळाला आठी पडली.

"तुम्हाला गोष्ट आवडली, मामा. माणूस अजून कळायचाय."

गोष्ट आवडण्यासारखीच आहे, हे कबूल करायला हवं. थॉमस ग्रॅहमचा जन्म 1748 चा, पर्थशरमधल्या बालगावनच्या जमीनदाराच्या घरात. आई लेडी क्रिस्टियन होप, हॉपटूनच्या पहिल्या अर्लची मुलगी. (ह्याच होप घराण्यातून पुढे लिनलिथगोचे मार्क्विस झाले. 1942 साली आपल्या नेत्यांना तुरुंगात घालणारा व्हाइसरॉय लिनलिथगो हा त्यांतलाच. मामांना हे सांगितल्यावर ते नुसते "हं" म्हणाले.) लहानपणी त्याला शिकवायला घरी येणाऱ्यांत 'ऑसियन'च्या काव्यांमुळे युरोपभर गाजलेला जेम्स मॅक्फर्सन होता. विशीच्या आत वडील गेले आणि इस्टेट हातात आली. 1774 च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी त्याने लॉर्ड कॅथकार्टच्या मेरी नावाच्या मुलीशी लग्न केलं. त्याच दिवशी तिच्या बहिणीचं लग्न अ‍ॅथॉलच्या ड्यूकशी झालं. म्हणजे एक जावई ड्यूक आणि दुसरा नुसता श्रीमंत शेतकरी. पण सासऱ्याला ह्या दुसऱ्याचंच कौतुक जास्त, असं कॅथकार्टच्या पत्रावरून दिसतं.

पुढची अठरा वर्षं शिकार, घोडे, गुरं, झाडं. अल्मंड नदीकाठची लिन्डॉकची इस्टेट त्याने 1787 मध्ये विकत घेतली, चांगल्या जातीची जनावरं आणली, शेती सुधारली. 1785 मध्ये अलोआजवळ शॉ पार्कच्या मैदानावर स्कॉटलंडमधला नोंद असलेला पहिला क्रिकेट सामना झाला, त्यात हा खेळला. क्रिकेटचं निघाल्यावर मामा थोडे अधिकच त्याच्या बाजूला झुकले.

मूल झालं नाही. मेरीला क्षय झाला. तिला दक्षिण फ्रान्सच्या हवेत नेलं, आणि 26 जून 1792 ला किनाऱ्याजवळ जहाजावरच ती गेली. शव घेऊन ग्रॅहम फ्रान्समधून परत निघाला. क्रांतीचा तो उन्हाळा. तुलूझजवळ दारू प्यालेल्या स्वयंसेवक शिपायांनी पेटीत शस्त्रं लपवली असतील म्हणून शवपेटी फोडून पाहिली. मायदेशी येऊन त्याने मेथ्व्हेनला तिची कबर बांधली, गेन्सबरोचं चित्र नजरेआड केलं आणि पुन्हा लग्न केलं नाही. पुढच्या वर्षी चव्वेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ, ज्याने तोवर एक दिवसही सैन्यात काढला नव्हता, फ्रेंचांविरुद्ध लढायला तुलाँच्या बंदरात उतरला. तिथेच, वेढ्यातच, त्याला पंचेचाळिसावं लागलं. समोरच्या तोफखान्यात बोनापार्ट नावाचा चोवीस वर्षांचा अधिकारी होता.

"आता सांग," मामा म्हणाले, "ह्यात न आवडण्यासारखं काय आहे?"

"गोष्ट फार नेटकी आहे, हेच. बायको गेली, पेटी फोडली, सूड उगवला. आपल्याकडे ऐतिहासिक नाटकाचा पहिला अंक असाच असतो. पण मध्ये वर्ष गेलंय, मामा. त्या वर्षात तो प्रवास करत होता. जिब्राल्टरला असताना लॉर्ड हूडचं आरमार तिथे लागलं आणि हा त्याच्याबरोबर गेला. हातात काम नाही, घरात कोणी नाही, गाठीला पैसा आहे, आणि ओळखी अशा की सेनापतीच्या तंबूत सरळ जाता येतं. ह्यातलं एक काढून टाका. दुःख तेवढंच ठेवा आणि पैसा काढा. तोच माणूस तुलाँला कुठे दिसला असता?"

"रांगेत."

"रांगेतसुद्धा नाही. पंचेचाळिशीच्या माणसाला रंगरूट म्हणून कोण घेतो? तुम्ही घेतला असता का?"

मामांनी भरतीची वयोमर्यादा आठवून मान हलवली. पण लगेच त्यांनी तुलाँचीच गोष्ट उलटी फिरवली. तिथे ग्रॅहम लॉर्ड मलग्रेव्हचा एडीसी म्हणून होता, बिनपगारी, बिनहुद्द्याचा. एका चकमकीत पुढच्या तुकडीतला एक शिपाई पडला. त्याची बंदूक उचलून ग्रॅहम त्याच्या जागी उभा राहिला आणि हल्ला संपेपर्यंत शिपायासारखा लढला. "एडीसीचं काम निरोप पोचवायचं असतं. बंदूक उचलायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या हाताखाली असे अधिकारी येऊन गेले. पहिल्या गोळीला माणूस कळतो. घराणं नंतर विचारतात."

हा मुद्दा खरा आहे, आणि भाचीनेही तो खोडला नाही. तिने विषय पुढच्या वर्षावर नेला. तिच्या मते ग्रॅहमची खरी ओळख तिथे आहे.

1794 च्या फेब्रुवारीत ग्रॅहमने स्वतः पलटण उभी केली, 90 वी, पर्थशर व्हॉलंटिअर्स. त्या वर्षी ब्रिटनमध्ये हे सर्रास चाललं होतं. युद्ध पेटलेलं, सरकारला माणसं हवी. जो माणसं आणून देईल त्याला हुद्दा. जमीनदाराने आपल्या गावांतून, आपल्या कुळांतून आणि मिळतील तिथून शिपाई गोळा करायचे. त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनीही माणसं आणून आपापल्या जागा मिळवायच्या. ग्रॅहम ह्यातून एका उडीत लेफ्टनंट कर्नल झाला. अट एकच, हा हुद्दा तात्पुरता.

"एका वर्षात रंगरूट ते कर्नल," भाची म्हणाली. "तुम्हाला किती वर्षं लागली?"

"वीसच्या वर."

"आणि तुम्ही अजून त्याच्याच बाजूने?"

मामा हसले. पण ह्या व्यवस्थेशी महाराष्ट्राचा संबंध निघाला तेव्हा त्यांचं हसू मावळलं. ग्रॅहमच्या आदल्याच वर्षी, 1793 मध्ये, सीफोर्थच्या मॅकेन्झी नावाच्या सरदाराने अशीच एक पलटण उभी केली होती, 78 वी हायलँडर्स. दहा वर्षांनी ती पलटण जालना जिल्ह्यातल्या असईच्या रानात उभी होती. 23 सप्टेंबर 1803. समोर शिंद्यांच्या तोफा आणि कवायती पायदळ, इकडे आर्थर वेलस्ली. तिथे, आणि दोन महिन्यांनी आडगावला, जे हायलँडर पडले त्यांतल्या कित्येकांची भरती कुठल्या तरी धन्याने आपल्या हुद्द्यासाठी आणि मानासाठी केलेली होती.

"त्यांच्या कबरीवर गेन्सबरो कुठे आहे?" भाचीने विचारलं.

हा टोला अन्यायाचा आहे. मेरी ग्रॅहम गेली ह्यात असईला पडलेल्या शिपायाचा तोटा काही नाही. पण भाचीचा रोख दुःखावर नव्हता. ते ज्या चौकटीत टांगलेलं असतं तिच्यावर होता, आणि तेवढ्यापुरतं तिचं बरोबर आहे.

खासदारकीचं तर तिने दोन वाक्यांत निकालात काढलं. 1794 ते 1807 ग्रॅहम पर्थशरचा खासदार होता, व्हिग पक्षाचा. पण त्या काळी सगळ्या स्कॉटलंडमधल्या परगण्यांचे मतदार मिळून तीन हजार भरत नव्हते, आणि त्या तेरा वर्षांतला मोठा काळ खासदारसाहेब इटलीत, मिनोर्कात आणि माल्टात होते.

"मांतुआत होता म्हण," मामांनी दुरुस्ती केली. "मजा मारत नव्हता."

मांतुआचा किस्सा मामांना फार प्रिय. 1796 मध्ये ग्रॅहम ब्रिटनचा प्रतिनिधी म्हणून ऑस्ट्रियन सैन्याबरोबर होता. बोनापार्टने मांतुआच्या किल्ल्याला वेढा घातला आणि आत म्हातारा ऑस्ट्रियन सेनापती वुर्मझर हजारो सैनिकांसह अडकला. दाणा संपत आलेला, घोडे खाणं चालू. बाहेरच्या सैन्याला निरोप द्यायचा तर फ्रेंच पहाऱ्यातून कोणीतरी जायला हवं. 24 डिसेंबरच्या रात्री, पावसात, गणवेशावर साधा झगा ओढून हा अठ्ठेचाळीस वर्षांचा खासदार बाहेर पडला. रात्री चिखलातून चालायचं, दिवसा लपायचं. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात तो ऑस्ट्रियन छावणीत पोचला. मदत आली ती रिव्होलीला मोडली आणि मांतुआ फेब्रुवारीत पडलं. निरोप्याने मात्र आपलं काम चोख केलं होतं.

पुढे माल्टा. व्हॅलेटात कोंडलेल्या फ्रेंचांभोवती दोन वर्षं नाकेबंदी चालली. तोफा अपुऱ्या, सैन्य अपुरं, आणि बेटावरचे लोक उपाशी. ग्रॅहमने माल्टाच्या लोकांना हाताशी धरून वेढा टिकवला. सप्टेंबर 1800 मध्ये फ्रेंच शरण आले, पण त्याआधी थोडे दिवस ग्रॅहमच्या वर दुसरा जनरल येऊन बसलेला होता. कारण तेच, ह्याचा हुद्दा तात्पुरता.

इथे दोघांची मतं पहिल्यांदा विचित्र रीतीने अदलाबदल झाली. वशिल्याच्या हुद्द्यांवर चिडणारी भाची म्हणाली की लष्कराने त्याला पंधरा वर्षं लटकत ठेवलं हा अन्याय होता. आणि मामा, ग्रॅहमचे भक्त, म्हणाले की लष्कराचं बरोबर होतं.

"अगं, नियम नियम असतो. बाजारातून माणसं आणली म्हणून कर्नल केला. ठीक. पण जो सोळाव्या वर्षी भरती होऊन एकेक पायरी चढला, त्याच्या डोक्यावर ह्याला कायमचा का बसवायचा? मी असतो तर मीही नसता बसवला."

"त्यानं माल्टा जिंकून दिलं तरी?"

"तरी. पदक द्या, बक्षीस द्या. हुद्दा नाही."

शेवटी हुद्दा मिळाला तो सेनापती सर जॉन मूरमुळे. 1808 मध्ये ग्रॅहम मूरबरोबर स्वीडनला आणि मग स्पेनमध्ये गेला. त्या हिवाळ्यातली कोरुन्नापर्यंतची माघार ब्रिटिश फौजेच्या वाईट आठवणींपैकी एक आहे. जानेवारी 1809 मध्ये कोरुन्नाच्या लढाईत मूर मेला. त्याच्यानंतरचा सेनापती डेव्हिड बेअर्ड, तोच, जो टिपूच्या तुरुंगात राहून पुढे श्रीरंगपट्टणच्या तटावर चढला होता. कोरुन्नाला त्याचा हात गेला. मग सूत्रं आली जॉन होपकडे, तो ग्रॅहमचा मामेभाऊ. मरता मरता मूरने ज्यांची चौकशी केली त्यांत ग्रॅहमचं नाव होतं. ग्रॅहमला कायमचा हुद्दा मिळावा ही मूरची इच्छा असल्याचं वरपर्यंत पोचलं, नियम बाजूला ठेवला गेला आणि साठाव्या वर्षी थॉमस ग्रॅहम पक्का मेजर जनरल झाला.

"म्हणजे अखेर वशिलाच," भाची म्हणाली.

"मरणाऱ्या सेनापतीचा शब्द म्हणजे वशिला नव्हे," मामा म्हणाले, आणि ह्यावर ते हटले नाहीत.

ग्रॅहमच्या आयुष्यातला सगळ्यात लखलखीत दिवस 5 मार्च 1811 चा. काडिझ शहराला फ्रेंचांचा वेढा होता. स्पेनची संसद त्याच शहरात बसलेली. वेढा मागून फोडायचा बेत ठरला. सैन्य समुद्रमार्गे दक्षिणेला उतरवायचं आणि फ्रेंचांच्या पाठीवर जायचं. स्पॅनिश सैन्य दहा हजारांच्या घरात, ग्रॅहमचे ब्रिटिश आणि पोर्तुगीज पाच हजारांच्या. सेनापतिपद स्पॅनिश जनरल ला पेन्याकडे. ग्रॅहम वयाने, अनुभवाने मोठा. तरी मोहीम अडू नये म्हणून त्याने ला पेन्याच्या हाताखाली काम करायचं मान्य केलं.

ला पेन्याने रात्रभर वाटा चुकत सैन्य चालवलं. दमलेले शिपाई बारोसाच्या टेकडीपाशी आले तेव्हा त्याने ग्रॅहमला पाइनच्या रानातून पुढे किनाऱ्याकडे यायला सांगितलं. ग्रॅहमला टेकडी सोडायची नव्हती, पण आज्ञा म्हणून तो निघाला. तो रानात शिरला आणि मार्शल व्हिक्टरच्या फ्रेंच तुकड्या टेकडीवर चढल्या. टेकडीवर ठेवलेले स्पॅनिश सैनिक खाली आले. ग्रॅहमला बातमी लागली तेव्हा त्याची फौज दाट झाडीत लांबलचक पसरलेली होती आणि शत्रू सात हजार.

"इथे थांब," मामा म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासावर टेकडी आणि रान काढलं. "आता ह्याच्याकडे काय वाटा आहेत? एक, ला पेन्याकडे पळ काढायचा. मग पाठीवर मार खातो. दोन, रानातच उभं राहायचं. मग कोंडला. तीन, जसे आहोत तसे मागे वळून टेकडीवर चढायचं. व्यूह नाही, रांगा नाहीत, वरच्याला विचारायला वेळ नाही. त्यानं तिसरी वाट घेतली, आणि त्यासाठी शे-पाचशे माणसं बळी द्यायला तयार झाला."

ती माणसं मेजर ब्राउनची. पाचशेच्या आसपास सैनिकांची त्याची तुकडी. बाकीच्यांना रानाबाहेर येऊन रांगा धरायला वेळ मिळावा म्हणून ग्रॅहमने तिला सरळ टेकडीच्या अंगावर पाठवलं. ब्राउनने तुकडीपुढे घोड्यावरून गाणं म्हटलं म्हणतात. तुकडीतली निम्म्याच्या आसपास माणसं पडली. त्या तुकडीतल्या एका कंपनीचा कारभार, वरचे अधिकारी जखमी झाल्यामुळे, कॉलिन कॅम्पबेल नावाच्या अठरा वर्षांच्या पोराकडे आला. हाच कॅम्पबेल 1857 मध्ये सरसेनापती म्हणून लखनौवर चालून गेला, आणि त्या मोहिमेत ग्रॅहमची 90 वी पलटणही होती.

दीड तासात फ्रेंच मागे हटले. त्यांचे दोन हजारांवर मेले किंवा जखमी झाले, ग्रॅहमचे बाराशेहून अधिक. 87 व्या आयरिश पलटणीतल्या पॅट्रिक मास्टरसन नावाच्या सार्जंटने फ्रेंच आठव्या पलटणीचा गरुडध्वज हिसकावला. ब्रिटिशांनी रणांगणावर मिळवलेला हा पहिला गरुड. ला पेन्या हजारो ताज्या सैनिकांसह जवळच उभा राहिला, आणि पाठलागही केला नाही. चिडलेला ग्रॅहम आपली फौज घेऊन काडिझला परतला. स्पॅनिश संसदेने त्याला ड्यूकची पदवी देऊ केली, ती त्याने नाकारली.

"आणि वेढा?" भाचीने शांतपणे विचारलं. मामा गप्प. "वेढा तसाच राहिला. पुढची दीड वर्षं, 1812 च्या ऑगस्टपर्यंत. बाराशे माणसं कशासाठी गेली?"

"तो दोष ला पेन्याचा."

"मान्य. पण मेलेल्यांना काय?" मग तिनेच पुढे, जरा नाराजीने, ग्रॅहमच्या बाजूची एक गोष्ट टाकली. काडिझ पडलं नाही म्हणून तिथली संसद बसत राहिली, आणि 19 मार्च 1812 ला तिने स्पेनची उदारमतवादी राज्यघटना जाहीर केली. तिचा नमुना समोर ठेवून पोर्तुगालने 1822 ची घटना केली, आणि त्याच वर्षी गोव्यातून लिस्बनच्या संसदेवर प्रतिनिधी निवडले गेले. बर्नार्दो पेरिस द सिल्वा त्यांतले एक. "म्हणजे बारोसाचा एक बारीक धागा मडगाव-पणजीपर्यंत येतो. ओढून ताणून येतो, पण येतो."

"ओढूनताणून असला तरी चालेल," मामा खूश होऊन म्हणाले.

पण तिचा खरा प्रश्न राखून ठेवलेला होता. सान सेबास्तिआन.

1813 च्या उन्हाळ्यात व्हितोरियाच्या लढाईत ग्रॅहमने वेलिंग्टनची, म्हणजे असईच्याच आर्थर वेलस्लीची, डावी बाजू सांभाळली. नंतर वेलिंग्टनने त्याला समुद्रकाठच्या सान सेबास्तिआनच्या वेढ्यावर ठेवलं. शहर स्पेनचं, म्हणजे मित्राचं. आत फ्रेंच शिबंदी. जुलैतला पहिला हल्ला फसला. 31 ऑगस्टला भर दिवसा, ओहोटी साधून दुसरा हल्ला झाला. खिंडारात माणसांचा खच पडला तेव्हा ग्रॅहमने आपल्याच शिपायांच्या डोक्यावरून तोफा चालवायला सांगितल्या. गोळे थोडे खाली आले असते तर त्याचीच फौज मेली असती. गोळे अचूक पडले, आतला दारूगोळा पेटला, तट हाती आला.

तटावरची ही हिंमत मामांनी वाखाणली. भाचीने त्यांना बोलू दिलं आणि मग आतलं सांगितलं.

ब्रिटिश आणि पोर्तुगीज शिपाई शहरात शिरले आणि शहर त्यांच्या हातात पडलं. लूट, खून, बलात्कार. मग आग. सहाशेच्या आसपास घरांपैकी चाळीसच्या आगेमागे उरली. आठवड्याभराने उरलेले नागरिक जवळच्या सुबिएता गावी जमले आणि त्यांनी शहर पुन्हा बांधायचा ठराव केला. शहरात आजही 31 ऑगस्ट ह्या नावाचा रस्ता आहे, कारण जी थोडी घरं वाचली ती त्या रस्त्यावरची. आग आपल्या माणसांनी लावली हे वेलिंग्टनने कधी मानलं नाही.

"वेढ्याचा प्रमुख ग्रॅहम होता," ती म्हणाली. "शवपेटी फोडणाऱ्या दारुड्या शिपायांनी ह्याचं आयुष्य बदललं म्हणता ना? एकवीस वर्षांनी ह्याच्या दारुड्या शिपायांनी एक अख्खं शहर फोडलं. तिथल्या बायकांचं काय झालं ते सांगायला कोणी चित्र काढलं नाही."

ह्यावर मामांनी जे उत्तर दिलं ते ऐकून भाचीलाही आश्चर्य वाटलं असावं. फौजी माणूस बहुधा त्या काळच्या रिवाजाचं नाव घेतो: तट फोडून घेतलेलं शहर लुटायचं, हा तेव्हाचा अलिखित हक्कच मानला जायचा. मामांनी ते सांगितलं, पण आडोसा म्हणून नव्हे. "रिवाज होता. पण सेनापती ठरवेल तर रिवाज मोडतो. शहर घेतल्यावर पहिल्या तासात दोन ताज्या तुकड्या, अधिकारी पुढे घालून, रस्त्यांवर उभ्या करायच्या. दारूची कोठारं आधी ताब्यात घ्यायची. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. मांतुआत गेलेला माणूस तो. तटावर त्यानं डोकं चालवलं, रस्त्यात चालवलं नाही. कोर्ट मार्शल बसवलं असतं तर मी त्याला निर्दोष सोडला नसता."

"मग आता?"

"आता काय? बारोसा बारोसाच राहतो. पण हेही त्याच्याच खात्यावर."

बर्खेन ऑप झोमवर दोघांचं एकमत लवकर झालं. डोळ्यांचा त्रास म्हणून ग्रॅहम 1813 च्या अखेरीस स्पेनमधून परतला आणि लगेच हॉलंडला धाडला गेला. 8 मार्च 1814 च्या रात्री त्याने सुमारे चार हजार माणसांनी हा किल्ला घ्यायचा प्रयत्न केला. माणसं आत पोचलीसुद्धा, पण तुकड्यांचा मेळ बसला नाही आणि सकाळपर्यंत डाव उलटला. दोन हजारांवर ब्रिटिश कैद झाले. मामा म्हणाले, रात्रीचा हल्ला पासष्टीच्या, नजर अधू झालेल्या माणसाने आखू नये. भाचीने त्यात काही भर घातली नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात तो लॉर्ड लिन्डॉक झाला. पदवीबरोबर वर्षाला दोन हजार पौंडांची पेन्शन होती; ती त्याने घेतली नाही.

"नाकारायला परवडतं तो नाकारतो," भाची म्हणाली.

"परवडत होतं तरी घेणारे होतेच की. वेलिंग्टनला त्याच वर्षी चार लाख पौंड दिले पार्लमेंटनं. त्यानं परत केले?"

हा मुद्दा भाचीकडे पडून राहिला. प्रस्तुत लेखकाला इथे मामांचं म्हणणं पटतं. श्रीमंती हा ग्रॅहमच्या सगळ्या सुरुवातींचा पाया होता: पलटण, हुद्दा, खासदारकी, तुलाँच्या तंबूतली खुर्चीसुद्धा. पण त्याच श्रीमंतीमुळे त्याला कोणाची मर्जी राखावी लागली नाही, आणि ही मोकळीक त्याने सलग वीस वर्षं घरी आराम करण्याऐवजी वेढ्यांच्या खंदकांत वापरली. त्याच्या वर्गातल्या बहुतेकांनी ती शिकारीत घालवली, जशी ह्याने स्वतः पहिली पंचेचाळीस वर्षं घालवली होती. सान सेबास्तिआनचं पाप मात्र ह्या मोकळिकीने धुतलं जात नाही, आणि त्याच्या वैयक्तिक दुःखाने तर मुळीच नाही. एवढ्यापुरता भाचीचा निवाडा मान्य केलाच पाहिजे.

तो पंचाण्णव वर्षं जगला. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली, घोड्यावर बसत राहिला, युरोपभर हिंडत राहिला. 1842 मध्ये राणी व्हिक्टोरिया पहिल्यांदा स्कॉटलंडला आली तेव्हा नव्वदी ओलांडलेला हा गृहस्थ स्वित्झर्लंडहून धावत परत आला. 18 डिसेंबर 1843 ला लंडनमध्ये तो वारला आणि मेथ्व्हेनला मेरीशेजारी पुरला गेला. मूल नसल्याने लिन्डॉकची सरदारकी त्याच्याबरोबरच संपली. त्याची आठवण म्हणून दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एका खोऱ्याला त्याच्या लढाईचं आणि तिथल्या एका गावाला त्याच्या इस्टेटीचं नाव कर्नल विल्यम लाइटने दिलं होतं. तिथली बारोसाची वाइन आज जगभर जाते.

पर्थ स्टेशन आलं तरी वाद मिटला नव्हता. उतरताना मामांनी शेवटचा पत्ता टाकला: लढाया संपल्यावर विखुरलेल्या अधिकाऱ्यांना एकत्र बसायला जागा असावी म्हणून 1815 मध्ये लंडनला युनायटेड सर्व्हिस क्लब निघाला, त्याचा संस्थापक ग्रॅहमच. "आपल्या माणसांना विसरला नाही तो."

भाचीने प्लॅटफॉर्मवर बॅग खाली ठेवली. "त्या क्लबात मेजरच्या खालच्या हुद्द्याला प्रवेश नव्हता, मामा. ज्याला स्वतःला साठाव्या वर्षापर्यंत हुद्द्यानं दाराबाहेर ठेवलं होतं, त्याचा क्लब. बारोसाला गरुड आणणाऱ्या मास्टरसनला बक्षीस म्हणून एन्साइन केलं होतं. तो दारावर आला असता तर?"

"परत पाठवला असता," मामा म्हणाले.